पाठ

शाळेच्या फॉर्मवर आईचा व्यवसाय
मी 'कॉलेजात नोकरी' असा लिहायचे.
खोटं नव्हतं ते.
फतेगंजच्या अलीकडे, चित्रांच्या कॉलेजात
ती रोज नऊला पोचायची,
डब्यात भाकरी, लसणाची चटणी,
पिशवीत एक जुनं पातळ घडी करून.
ते कशाला नेतेस, मी कधी विचारलं नाही.
समोरच्या कोकिळाबेन म्हणायच्या,
"तारी मम्मी त्यां झाडू मारे छे ने?"
मी हो म्हणायचे.
झाडू मारणं सांगण्यासारखं होतं.

बारावीच्या सुट्टीत
मैत्रिणीच्या भावानं प्रदर्शनाला नेलं.
लांबट खोली, टर्पेंटाइनचा वास,
आणि भिंतीवर एकच बाई, तेवीस वेळा,
पाठमोरी.
कुणी तिला संगमरवराची केली होती,
कुणी देवळाच्या खांबावरची.
एकानं कंबर आपल्या पसंतीची घातली.
एकाला ती जमली नसावी,
त्यानं मागची खिडकीच मन लावून रंगवली.
मी हसले. मग अंबाड्यातला
तिरका आकडा दिसला,
आणि हसणं घशात राहिलं.

दाराजवळ, पंख्यानं फडफडणारा एक कागद.
नगिन राठवा, दुसरं वर्ष.
नुसता कोळसा.
उजव्या खांद्याखाली त्यानं तो डाग काढला होता,
बाकी बावीस जणांनी पुसलेला.
घरात सगळ्यांना ठाऊक होतं,
चहाचं पातेलं सांडलं होतं, मी पोटात असताना.
पण सांडलेलं खाली ओघळतं.
कागदावरचा डाग आडवा होता,
खांद्याकडून कण्याकडे शिंतोडे उडालेला,
कुणीतरी मागून फेकल्यासारखा.

दर रविवारी ती पाठ मी वजरीनं घासली होती.
पाहिली नव्हती.

खाली मास्तरांचा पेन्सिलीतला शेरा:
प्रमाण कच्चं.

त्या संध्याकाळी बाबा रेडिओ उघडून बसले होते.
"स्क्रू धर," म्हणाले. मी धरला.
त्यांच्या हाताकडे बघत राहिले,
चहाचा कप उचलतानाही.
रात्री आईला एवढंच म्हटलं, मी आज कॉलेजात गेले होते.
ती तांदूळ निवडत होती.
बोटं थांबली नाहीत.
"राठवाचा पोरगा," म्हणाली, "एकटाच.
त्यानं नाव विचारलं आधी.
बाकीचे म्हणतात, मासी, मान जरा डावीकडे."
मग थोड्या वेळानं,
"हलायचं नाही, एवढंच काम असतं.
सवय होती मला."

आता मी सरकारी इस्पितळात एक्स-रे काढते.
श्वास धरा, हलू नका,
दिवसातून साठ वेळा म्हणते.
बायका सांगतात, बाथरूममध्ये पडले.
पडणारा हात मनगटाशी मोडतो.
तोंडापुढे धरलेला मध्येच.
कुठलाच डाग, कुठलीच चीर
दिशा लपवत नाही.
मी फिल्म उजेडासमोर धरते
आणि बाईला आधी नाव विचारते,
कागदावर लिहिलेलं असलं तरी.

बाबा गेल्यावर दांडिया बाजारच्या बँकेत
पुन्हा एक फॉर्म आला.
मी लिहिलं: हौसाबाई गांगुर्डे.
व्यवसाय: चित्रकलेची मॉडेल, निवृत्त.
कारकुनानं चष्म्यावरून तिला
वरपासून खालपर्यंत पाहिलं.
तिनं पापणी हलवली नाही.
एका बैठकीत चाळीस मिनिटं, एकतीस वर्षं.
तो पहिल्या मिनिटालाच शिक्क्याकडे वळला.

काल तिला आंघोळ घालत होते.
डाग आता सुरकुत्यांत मिसळत चाललाय,
कुठे काय संपतं कळत नाही.
अचानक म्हणाली, "मी कधी गेलेच नाही गं
ती चित्रं बघायला.
राठवाच्या कागदात कशी दिसत होते?"

तुझ्यासारखी, मी म्हटलं.

"मग कुणी विकत घेतलं नसेल,"
म्हणाली, आणि इतकी हसली
की तांब्यातलं पाणी
दोघींच्या अंगावर सांडलं.